लॅपटॉपला मोठा पडदा जोडताना: टीव्ही की मॉनिटर?

लॅपटॉपचा पडदा कामाला अपुरा पडू लागला की बहुतेक घरांत एकच हिशेब मांडला जातो. २४ इंची साधा मॉनिटर सात ते दहा हजारांना मिळतो. त्यात आणखी दोन-तीन हजार घातले तर ३२ इंची स्मार्ट टीव्ही येतो. टीव्हीला स्पीकर असतात, रिमोट असतो, यूट्यूब आणि ओटीटी असतं, संध्याकाळी घरच्यांना मालिका बघता येते आणि लॅपटॉप लावायला एचडीएमआय पोर्टही असतं. मग त्याहून लहान मॉनिटर कशाला घ्यायचा? प्रश्न रास्त आहे, पण त्यात फक्त इंच आणि रुपये मोजले जातात. ज्यांवरून निर्णय व्हायला हवा त्या दोन गोष्टी मोजायच्या राहूनच जातात. पडदा तुमच्या डोळ्यांपासून किती लांब असणार आहे, आणि त्यावर तुम्ही अक्षरं वाचणार आहात की चित्रं बघणार आहात?

आधी अंतराचं बघू. पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलचं, बनलेलं असतं. ‘फुल एचडी’ म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. एवढे ठिपके २४ इंची मॉनिटरवर पसरले तर एका इंचात साधारण ९२ बसतात. तेच ३२ इंची पडद्यावर पसरले तर इंचाला ६९ उरतात. आणि बाजारातले स्वस्त ३२ इंची टीव्ही बहुतेक वेळा फुल एचडीसुद्धा नसतात. खोक्यावर ‘एचडी रेडी’ लिहिलेलं असतं आणि आतल्या पॅनलवर १३६६ बाय ७६८ एवढेच ठिपके असतात, म्हणजे इंचाला जेमतेम ४९. तुमच्या १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर हाच आकडा १४१ आहे. गुणाकार करून पाहिलात तर कळेल, मोठा पडदा म्हणून आणलेल्या त्या टीव्हीवर एकूण ठिपके लॅपटॉपच्या निम्मेच आहेत. त्यामुळे एक्सेलच्या तक्त्यातले जेवढे रकाने लॅपटॉपवर एका नजरेत दिसतात, त्याहून कमी रकाने टीव्हीवर दिसतात. सगळं मोठं दिसतं, पण जास्त काही दिसत नाही. आणि मोठ्या पडद्याची गरज तर जास्त दिसावं म्हणूनच पडलेली असते.

निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातला बारकावा वेगळा ओळखता येतो. या मापाने हिशेब केला तर ३२ इंची एचडी रेडी पडद्याचे ठिपके एकमेकांत मिसळून सलग चित्र दिसण्यासाठी पावणेदोन मीटर लांब बसावं लागतं. ३२ इंची फुल एचडीला सव्वा मीटर पुरतो, २४ इंची फुल एचडी मॉनिटरला ९५ सेंटीमीटर. टेबलाशी बसून काम करताना डोळे पडद्यापासून ५० ते ७० सेंटीमीटरवर असतात, म्हणजे हातभर. इतक्या जवळून मॉनिटरचेही ठिपके बारकाईने पाहिलं तर थोडे जाणवतात, पण तेवढं चालून जातं. एचडी रेडी टीव्हीसमोर मात्र आपण जिथे बसायला हवं त्याच्या एक तृतीयांश अंतरावर बसलेले असतो. तोच टीव्ही हॉलमधल्या सोफ्यावरून सुरेख दिसतो, कारण तो तिथून बघण्यासाठीच बनवलेला आहे.

मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी हे जास्तच मनावर घ्यायला हवं. रोमन लिपीतलं अक्षर थोड्या ठिपक्यांतही ओळखू येतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर, हे सगळं तेवढ्याच उंचीत बसवायचं असतं. तक्त्यातला बारीक मजकूर एकूण १२ ठिपक्यांच्या उंचीचा असेल, तर त्यातले बरेचसे या वर-खालच्या चिन्हांनाच लागतात आणि मूळ अक्षराच्या वाट्याला फार थोडे येतात. मग ‘उद्ध्वस्त’मधली जोडणी कळत नाही, ‘कुऱ्हाड’मधला ‘ऱ्हा’ काळ्या डागासारखा दिसतो, ‘ज्येष्ठ’ आणि ‘राष्ट्रीय’ ओळखीचे शब्द आहेत म्हणून अंदाजाने वाचले जातात. प्रुफं तपासणाऱ्यांना, प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्या शिक्षकांना, सातबारा आणि दस्त पडद्यावर वाचणाऱ्या वकिलांना हा अंदाज परवडणारा नसतो. सुटलेला अनुस्वार ज्या पडद्यावर दिसतच नाही, तो पडदा त्यांच्या कामाचा नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर फुलांचे आणि धबधब्यांचे जे व्हिडिओ लावलेले असतात त्यांवरून पडदा निवडू नका. कुठल्याही पडद्यावर ते छानच दिसतात. स्वतःचा लॅपटॉप आणि केबल सोबत न्या, नेहमी ज्या मापात काम करता त्याच मापात मराठी मजकुराचं एक पान उघडा, आणि हातभर अंतरावर राहून पाच मिनिटं सलग वाचा. डोळे बारीक करावे लागले, किंवा नकळत पुढे झुकायला झालं, तर उत्तर मिळालं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या संगणकाच्या दुकानात ही चाचणी करू द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलंच तर दुकान बदला.

टीव्हीला जोडलेला संगणक ही तशी नवी गोष्ट नाही. १९८२ साली ब्रिटनमध्ये आलेला सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम घरच्या टीव्हीलाच जोडायचा असे, आणि एका ओळीत तो ३२ अक्षरं दाखवत असे. त्याच काळात कार्यालयांतल्या यंत्रांवर ८० अक्षरांची ओळ रूढ झाली होती. ती टीव्हीवर नीट वाचता येत नसे, कारण अँटेनाच्या वाटेने टीव्हीत शिरणाऱ्या संकेतात तेवढा बारकावा मावतच नसे, म्हणून तिथे मॉनिटर असे. आज दोन्हींत एलसीडी पॅनल असतं आणि दोन्हींना एचडीएमआयची तीच केबल लागते. तरीही फरक उरला आहे, आणि तो पॅनलच्या मागे बसवलेल्या यंत्रणेत आहे.

मॉनिटर आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवतो. टीव्ही ते आधी तपासतो, स्वच्छ करतो, रंगवतो आणि मग दाखवतो. केबलवाल्याकडून किंवा डिशवरून येणाऱ्या प्रक्षेपणासाठी हे योग्यच आहे, पण लॅपटॉपमधून येणारं चित्र मुळातच स्वच्छ असतं आणि त्यावर ही प्रक्रिया झाली की ते बिघडतं. पहिला बिघाड कडांचा. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा नीट येत नसत, म्हणून चित्र थोडं ताणून कडा चौकटीच्या बाहेर ढकलायची पद्धत पडली. ती अजूनही काही टीव्हींत मूळ सेटिंगमध्ये असते. लॅपटॉप जोडला की टास्कबार अर्धी कापली जाते, आणि चित्र ताणलं गेल्यामुळे प्रत्येक अक्षराची कड पुसट होते. अशा वेळी पिक्चर साइझच्या मेन्यूत जा. एलजीच्या टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘फिट टू स्क्रीन’, सोनीत ‘फुल पिक्सेल’ अशा नावांचा पर्याय असतो. तो लावला की एका ठिपक्यासाठी एक ठिपका हे नातं परत जुळतं.

दुसरा बिघाड शार्पनेसचा. नाव ऐकून ते वाढवावंसं वाटतं, पण टीव्हीचं शार्पनेस म्हणजे प्रत्येक कडेभोवती ओढलेली एक उजळ रेघ असते. सिनेमातल्या चेहऱ्यावर ती खपून जाते, काळ्या अक्षराभोवती मात्र पांढरट वलय दिसतं आणि तासाभरात डोकं दुखायला लागतं. शार्पनेस पार खाली आणा. आकृती स्थिर ठेवणारं, चित्रातला ‘नॉइज’ कमी करणारं, हालचाल गुळगुळीत करणारं असं जे जे काही मेन्यूत असेल तेही बंद करा.

तिसरा बिघाड रंगाचा, आणि हा सगळ्यांत फसवा. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला बारकावा चांगला कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. त्याचा फायदा घेऊन प्रक्षेपणात आणि सिनेमात रंगाची माहिती कमी ठिपक्यांत साठवतात. चार ठिपक्यांना मिळून एकच रंग, असा तो मामला असतो. तंत्रज्ञ याला ४:२:० म्हणतात. संगणकाच्या पडद्याला मात्र प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग लागतो, म्हणजे ४:४:४. बरेच टीव्ही लॅपटॉपकडून आलेला पूर्ण रंगही आत घेऊन कमी करतात. पांढऱ्यावर काळी अक्षरं असतील तर लक्षात येत नाही, पण निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक अक्षरं लिहून बघा. ती कडेने विस्कटलेली दिसली तर तुमचा टीव्ही रंग कापतो आहे. सॅमसंग आणि एलजीच्या अनेक टीव्हींमध्ये ज्या एचडीएमआय इनपुटला लॅपटॉप लावला आहे त्याचं नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ केलं की पूर्ण रंग सुरू होतो आणि बाकीची बरीच प्रक्रियाही थांबते. टीव्हीला लॅपटॉप जोडणाऱ्या प्रत्येकाने हे करून बघावं, कारण त्याला काहीच खर्च नाही आणि फरक लगेच दिसतो. काही स्वस्त टीव्हींत ही सोयच नसते, आणि मग त्यावर इलाज नाही.

एवढी सगळी प्रक्रिया करायला वेळही लागतो. माउस हलवला आणि बाण क्षणभर मागून आला, असं टीव्हीवर जाणवतं ते यामुळेच. गेम मोड किंवा पीसी मोड लावला की हा उशीर बराच कमी होतो. लॅपटॉप केबलशिवाय, वायफायवरून टीव्हीला जोडलात तर हा उशीर इतका वाढतो की टाइप करणं नकोसं होतं. फोटो किंवा सिनेमा दाखवायला बिनतारी जोडणी ठीक आहे, कामासाठी केबलच वापरा.

आता शरीराचं. टेबलावरच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, म्हणजे मान सरळ राहते आणि नजर थोडी खाली झुकते. २४ इंची मॉनिटरचा पडदा साधारण ३० सेंटीमीटर उंच असतो. स्टँडवर ठेवला की तो बरोबर या जागी येतो, आणि थोडे पैसे जास्त दिले तर स्टँड वर-खाली करता येतो. ४३ इंची टीव्हीचा पडदा ५३ सेंटीमीटर उंच आणि ९५ सेंटीमीटर रुंद असतो. टेबलावर ठेवला की त्याची वरची कड डोळ्यांच्या बरीच वर जाते, आणि वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघायलासुद्धा मान उचलावी लागते. शिवाय बहुतेक टीव्हींचे पाय दोन टोकांना असतात, त्यामुळे लहान टेबलावर ते बसतच नाहीत. स्टँड वर-खाली होत नाही. प्रकाशाचंही तसंच आहे. टीव्हीचा मूळ उजेड दिवसाच्या उजेडाने भरलेल्या हॉलमध्ये लांबून बघता यावं इतका ठेवलेला असतो. हातभर अंतरावरून तो डोळ्यांवर आदळतो. तो कमी करा. आणि पडदा कुठलाही घेतलात तरी अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने सुचवलेला साधा नियम पाळा: दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघा. पडद्याकडे बघताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात, त्यावर हा उपाय आहे.

रोजच्या वापरातल्या काही गोष्टी विकत घेताना लक्षात येत नाहीत. लॅपटॉप झोपला की मॉनिटर आपोआप झोपतो आणि जागा झाला की जागा होतो. टीव्हीला बहुधा रिमोटनेच उठवावं लागतं, इनपुट निवडावं लागतं, आणि लॅपटॉप पाच मिनिटं शांत राहिला तर तो पडदाभर ‘नो सिग्नल’ दाखवत बसतो. यूएसबी-सीची सोय असलेला मॉनिटर घेतला तर एकाच केबलमधून चित्रही जातं आणि लॅपटॉप चार्जही होतो. टीव्हीत ही सोय सहसा मिळत नाही. विजेचा फरक छोटा वाटतो, पण आहे. २४ इंची मॉनिटर २० वॉटच्या आसपास वीज घेतो, ४३ इंची टीव्ही ६० ते ८० वॉट. महिन्याचे २५ दिवस आठ-आठ तास काम धरलं तर एकाला चार युनिट लागतात आणि दुसऱ्याला बारा ते सोळा.

इतकं वाचून टीव्ही बादच झाला असं वाटेल. तसं नाही. पडद्यापासून दीड-दोन मीटर लांब राहून जी कामं होतात त्यांना टीव्हीच हवा, तिथे मॉनिटर घेणं ही चूक ठरेल. ऑनलाइन गाण्याचा किंवा नृत्याचा क्लास घेणाऱ्या बाईंना पेटीजवळ बसून किंवा उभं राहून समोरची दहा-बारा मुलं दिसायला हवीत. त्यांच्यासाठी ३२ किंवा ४३ इंची टीव्ही उत्तम. घरच्या घरी योगासनं करणाऱ्यांना, शिकवणीच्या खोलीत वीस मुलांना एकदम आकृती दाखवणाऱ्या सरांना, परदेशातल्या नातवंडांशी सगळ्या घराने मिळून बोलायचं असतं त्या आजी-आजोबांनाही तोच. व्हिडिओ कॉलसाठी एक लक्षात ठेवा, कॅमेरा लॅपटॉपवरच राहतो. लॅपटॉप टीव्हीच्या शेजारी, पडद्याच्या जवळ ठेवला नाही तर तुम्ही सतत दुसरीकडेच बघताय असं पलीकडच्यांना दिसतं. लांब बसायचं तर एक साधा वेबकॅम टीव्हीच्या वर लावून टाका.

ज्यांची नजर कमी झाली आहे, त्यांचाही विचार वेगळा करावा. त्यांना एका पडद्यावर जास्त मजकूर नको असतो, मोठा मजकूर हवा असतो. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमधून सगळं १५० किंवा १७५ टक्के मोठं करता येतं. ३२ इंची फुल एचडी टीव्ही एक मीटरवर ठेवून असा वापरला तर ई-पेपर आणि बँकेचं संकेतस्थळ वाचणं खूपच सोपं होतं. इथेही एचडी रेडी घेऊ नका. त्यावर अक्षर मोठं केलं की बँकेच्या पानावरचं अर्धं बटण खाली निघून जातं.

घरात टीव्ही आधीच असेल तर काहीही विकत घेण्याआधी तो लॅपटॉपला जोडून बघा. दोन-तीनशे रुपयांची केबल लागते. विंडोजचं बटण आणि ‘पी’ एकत्र दाबलं की पर्याय येतात: तेच चित्र दोन्हीकडे, पडदा वाढवून दोन्हीकडे वेगळं, किंवा फक्त मोठ्या पडद्यावर. आठवडाभर असं काम करा. महिन्यातून दोन-चारदा मोठा पडदा लागतो असं दिसलं तर वेगळा खर्च करायची गरजच नाही. रोज लागत असेल तर हॉलमधला टीव्ही पुरणार नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक नाही. दोन खोल्यांच्या घरात तो पडदा सगळ्यांचा असतो. सकाळी आजोबांच्या बातम्या, दुपारी मुलांची कार्टून, संध्याकाळच्या मालिका, यांच्यामध्ये कुणाच्या तरी नोकरीची मीटिंग बसवायची म्हणजे घरात रोजची कुरबूर. मॉनिटर कोपऱ्यातल्या टेबलावर राहतो आणि काम करणाऱ्याचाच राहतो.

एक अपवाद मात्र मनापासून सुचवावासा वाटतो, तो म्हणजे ४३ इंची फोर-के टीव्ही. त्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, म्हणजे इंचाला १०२. २४ इंची मॉनिटरपेक्षाही हा पडदा दाट आहे. साडेएकवीस इंची चार फुल एचडी मॉनिटर दोन वर आणि दोन खाली, मधल्या चौकटींशिवाय लावावेत तेवढी ती जागा होते. भल्यामोठ्या तक्त्यांवर काम करणारे हिशेबनीस, नकाशे आणि आराखडे बघणारे अभियंते, एका वेळी सहा खिडक्या उघड्या ठेवणारे प्रोग्रामर यांना तो खरोखर उपयोगी पडतो, आणि किंमत वीस ते तीस हजारांच्या घरात असते. त्याला अटी आहेत. टेबल किमान ८० सेंटीमीटर खोल हवं, किंवा टीव्ही टेबलामागच्या भिंतीवर थोडा खाली लावायला हवा. पीसी मोडमध्ये पूर्ण रंग मिळतो का, हे लाल-निळ्या अक्षरांनी तपासूनच घ्यायला हवा. आणि लॅपटॉपच्या पोर्टची आवृत्ती बघायला हवी. २००९ मध्ये आलेल्या एचडीएमआय १.४ मधून फोर-के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा जातं, त्यामुळे माउस अडखळत चालतो आणि दोष टीव्हीचा आहे असं वाटतं. २०१३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून ते ६० वेळा जातं. जुन्या लॅपटॉपवर १.४ असेल पण यूएसबी-सीमधून चित्र बाहेर पडत असेल, तर तिथून एचडीएमआयचा चांगला अडॅप्टर लावून ६० मिळवता येतात. मात्र प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जात नाही. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टच्या विजेचं चिन्ह आहे का ते बघा, नसेल तर लॅपटॉपचं माहितीपत्रक वाचा. ओएलईडी टीव्ही मात्र या कामासाठी टाळा. दिवसचे दिवस एकाच जागी राहणाऱ्या टास्कबारचा डाग त्यावर कायमचा उमटू शकतो.

मॉनिटरच घ्यायचा ठरलं तर निवड फार अवघड नाही. अभ्यास, ऑफिसचं काम, टॅली, मराठी टायपिंग यांसाठी २४ इंची फुल एचडी आणि आयपीएस पॅनल, एवढं पुरतं. आयपीएस यासाठी की बाजूने किंवा वरून पाहिलं तरी रंग बदलत नाहीत. जुन्या टीएन पॅनलवर ते बदलतात. २७ इंच हवे असतील तर फुल एचडी घेऊ नका, तिथे घनता ८२ वर उतरते. २५६० बाय १४४० ठिपक्यांचा घ्या, म्हणजे ती १०९ होते आणि दोन पानं शेजारी शेजारी ठेवून आरामात वाचता येतात. दिवसभर लिहिण्या-वाचण्याचं काम असणाऱ्याने पैसे थोडे ताणून हाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फोटो आणि छपाईचं काम करणाऱ्यांनी एसआरजीबी रंगांपैकी किती टक्के दिसतात तो आकडा बघावा, तो शंभराच्या जवळ हवा. मॅकबुकवाल्यांसाठी दोन गोष्टी. ॲपलने २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून अक्षरांच्या कडा घडवण्याची जुनी सबपिक्सेल पद्धत सोडली, त्यामुळे विरळ पडद्यावर मॅकची अक्षरं विंडोजपेक्षा जास्त पुसट दिसतात. त्यांनी २७ इंची फोर-के घेतलेला बरा. आणि एम १ किंवा एम २ चिपचा मॅकबुक एअर बाहेरचा एकच पडदा चालवतो, तेव्हा दोन मॉनिटरचा बेत आखू नका.

खोक्यावरची भाषा नीट वाचा. ‘फोर-के सपोर्ट’ किंवा ‘फुल एचडी सपोर्टेड’ याचा अर्थ तेवढं चित्र आत घेता येतं इतकाच; पॅनलवर खरे ठिपके किती हे ‘नेटिव्ह रिझोल्युशन’ या शब्दांपुढे लिहिलेलं असतं. टीव्हीवरचे ‘मोशन रेट’सारखे मोठे आकडेही पॅनलचा खरा वेग सांगत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंच आणि त्याहून लहान टीव्हींवर तो आधीपासूनच १८ होता. म्हणजे ३२ आणि ४३ इंचांमधलं अंतर आता पूर्वीएवढं राहिलेलं नाही, आणि टीव्हीच घ्यायचा असेल तर एचडी रेडीवर पैसे घालण्याआधी मोठ्या फोर-केची किंमत विचारा. बजेट फारच कमी असेल तर कार्यालयांतून निघालेले जुने २२-२४ इंची आयपीएस मॉनिटरही चांगलं काम देतात. त्यांना एचडीएमआय आहे ना, पांढरा पडदा लावल्यावर कोपरे पिवळट दिसत नाहीत ना, एवढं पाहा. अभ्यासाच्या टेबलासाठी नव्या एचडी रेडी टीव्हीपेक्षा असा जुना मॉनिटर केव्हाही चांगला.

पडदा घरी आला की त्याच दिवशी सगळं जोडा. पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, मग लाल, हिरवा आणि निळा असे रंग पडदाभर लावून मेलेला ठिपका किंवा डाग शोधा. मराठी मजकुराचं ते पान पुन्हा उघडा आणि या वेळी तुमच्या टेबलाशी, तुमच्या खुर्चीत बसून, तुमच्या खोलीच्या उजेडात वाचा. ऑनलाइन खरेदीत बरेचदा पैसे परत मिळत नाहीत, वस्तू फक्त बदलून मिळते, आणि तीही थोड्याच दिवसांच्या मुदतीत. ती मुदत संपेपर्यंत खोकं, थर्माकोल आणि बिल टाकू नका.